एन्सॅटिना सॅलमँडर : एक स्पीशीज, सात सबस्पीशीज की सगळंच वेगळं? सेमिनारसाठी मदत हवीये

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी, मी नाशिकलाच एमएससी झुऑलॉजी करतीये, लवकरच सेमिनार आहे आणि मॅडमनी विषय दिलाय भौगोलिक व्हेरिएशन आणि सबस्पीशीज. उदाहरण मीच निवडलं, एन्सॅटिना, कारण रिंग स्पीशीज (म्हणजे अडथळ्याला वळसा घालून पसरलेली साखळी, शेजारी शेजाऱ्याशी मिसळतो पण दोन टोकं भेटली की जुळत नाहीत) म्हटलं की प्रत्येक पुस्तकात हाच प्राणी येतो आणि फोटो एकदम भारी आहेत. आता वाचायला घेतलंय तर डोकं गरगरायला लागलंय.

एका पुस्तकात सरळ लिहिलंय की स्पीशीज एकच, एन्सॅटिना एशशोल्ट्झी, आणि तिच्या सात सबस्पीशीज. दुसरीकडे वाचलं की दक्षिण कॅलिफोर्नियात यातल्या दोन सबस्पीशीज एकाच डोंगरावर राहतात आणि काही जागी आपसात अजिबात जुळत नाहीत. मग आमच्याकडून बारावीपासून जे घोकून घेतलंय की आपसात प्रजनन नाही म्हणजे स्पीशीज वेगळी, त्याचं काय झालं? वर डीएनएवाले म्हणतात की ही सात नावं आणि जनुकांचे गट एकमेकांवर बसतच नाहीत. मग नावं ठेवली तरी कशाच्या जोरावर, नुसत्या रंगावर का? आणि रंगावरच ठेवली असतील तर दोन शेजाऱ्यांच्या सीमेवर जो अधलामधला प्राणी सापडतो त्याला कुणाच्या खात्यात टाकायचं?

आमच्या मॅडम प्रश्न विचारून घाम काढतात त्यामुळे पाठ केलेली व्याख्या चालणार नाही. कुणी यावर नीट वाचलंय का? प्लीज.

भो_मालेगाव

ताई सॅलमँडर म्हणजे आपली पालच ना शेवटी, भिंतीवर पण एक काळपट असते एक पांढरी असते, तिला कोणी सात सात नावं देत नाही भो

देवराई

भाऊ, पाल सरपटणाऱ्यांतली, अंगावर खवले, कोरडी कातडी. सॅलमँडर बेडकाच्या नात्यातला, उभयचर, कातडी ओली आणि नखं नाहीत. दिसायला पालीसारखा म्हणून घोळ होतो. महाराष्ट्रात एकही सॅलमँडर नाही, आपल्याकडे उभयचर म्हणजे बेडूक आणि सह्याद्रीतली देवगांडुळं, बस. भारतात बघायचाच असेल तर दार्जिलिंगच्या बाजूला हिमालयन न्यूट आहे. गंमत म्हणजे तो पण बरीच वर्षं एका मोठ्या पसरलेल्या स्पीशीजमध्ये धरलेला होता आणि २०१५ साली वेगळ्या नावाने काढला, टायलोटोट्रायटन हिमालयॅनस.

आणि पालींचं म्हणशील तर सह्याद्रीतल्या पालींमधून गेल्या काही वर्षांत इतक्या नव्या स्पीशीज निघाल्यात की सात म्हणजे काहीच नाही.

भो_मालेगाव

बरं बरं, वाचतो गुपचूप

बेडूकराव

सायली, नावांची यादी बाजूला ठेव, आधी नकाशा घे. पुस्तकवाले उलटं शिकवतात, आधी सात लॅटिन नावं आणि मग एक चिमुकला नकाशा कोपऱ्यात, म्हणून कुणालाच कळत नाही.

कॅलिफोर्नियाच्या मधोमध सेंट्रल व्हॅली आहे, लांबीला सातशेक किलोमीटर, म्हणजे नाशिकहून निघून नागपूर गाठावं एवढी, सपाट आणि उन्हाळ्यात भाजून काढणारी. तिच्या पश्चिमेला समुद्रकाठचे डोंगर, पूर्वेला सिएरा नेवाडा. आता प्राणी बघ. एन्सॅटिनाला फुप्फुसंच नाहीत. प्लेथोडोंटिडी कुळातला आहे, सगळा श्वास ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून, त्यामुळे कोरड्या मैदानात निघाला की संपला. अंडी घालायलाही तो पाण्यात जात नाही, मादी ओंडक्याखाली किंवा बिळात डझनभर अंडी घालून राखत बसते आणि पिल्लं थेट छोटे सॅलमँडर होऊनच बाहेर येतात, टॅडपोलची भानगडच नाही. म्हणजे ओढ्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे वस्ती करायची सोय पण गेली. एखादा प्राणी उभं आयुष्य काही दहा-वीस मीटरच्या टापूत काढतो. असा प्राणी हजारो पिढ्या पसरत जाणार, आणि जाता जाता जागोजागी वेगळा होत जाणार. तुझ्या विषयातलं "भौगोलिक व्हेरिएशन" इथूनच सुरू होतं, रंगाची गोष्ट त्याच्या नंतरची.

आता रिंग. रॉबर्ट स्टेबिन्स या उभयचरांच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये यावर मोठा मोनोग्राफ लिहिला. त्याच्या आधी यातली बरीच रूपं स्वतंत्र स्पीशीज म्हणून वर्णन केलेली होती, कुणी कुठे कुणी कुठे. स्टेबिन्सने सगळा पट्टा धरून नमुने मांडले आणि म्हणाला की बाबांनो शेजारच्याशी शेजारचा मिसळतोय, म्हणून ही एकच स्पीशीज, सात सबस्पीशीजची. त्याचं चित्र असं, की मूळ वस्ती उत्तरेला, कॅलिफोर्निया-ऑरेगॉनच्या आसपास, तिथून एक फांदी किनाऱ्याच्या डोंगरांनी खाली उतरली, दुसरी सिएरा नेवाडातून, मधली व्हॅली दोघांनाही नको होती, आणि दक्षिण टोकाला दोन्ही फांद्या परत समोरासमोर आल्या.

रूपं अशी बघ. वायव्येला किनाऱ्याजवळ पिक्टा, लहानखुरा, शेपटीवर पिवळ्या-काळ्या चिंध्या. ऑरेगोनेन्सिस तपकिरी, तो वर पार कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या भोवती झँथॉप्टिका, पोट नारिंगी आणि डोळ्याच्या वरच्या बाजूला पिवळाधमक पट्टा, एकदा बघितला की विसरत नाही. त्याच्या खाली मॉन्टेरेपासून बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तरेपर्यंत एशशोल्ट्झी, साधा लालसर-तपकिरी, डोळे काळेभोर. ही झाली किनाऱ्याची, बिनठिपक्यांची बाजू. पूर्वेच्या बाजूला सिएरात प्लाटेन्सिस, राखाडी-तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके. त्याच्या दक्षिणेला तेहाचापीकडे क्रोसिएटर, काळ्यावर मोठे पिवळे डाग. आणि सगळ्यात खाली क्लाउबेरी, काळा कुळकुळीत आणि अंगावर नारिंगी पट्टे. एशशोल्ट्झी आणि क्लाउबेरी शेजारी ठेवले तर कुणी शपथेवर सांगणार नाही की ही एक स्पीशीज आहे.

आणि नेमके हेच दोघे दक्षिणेला भेटतात. पालोमारसारख्या काही डोंगरांवर त्यांचे संकर सापडतात पण मोजकेच, आणि कुयामाका डोंगरातल्या कॅम्प वोलाही या जागी दोघे एकत्र राहतात तरी संकर सापडले नाहीत. टोकं जुळत नाहीत, पण टोकापासून टोकापर्यंत उलटं वर चढून फिरून आलीस तर साखळी बहुतेक ठिकाणी मिसळत आलेली दिसते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. "प्रजनन होतं की नाही" हा प्रश्न दोन लोकसंख्यांना विचारता येतो, अख्ख्या साखळीला विचारलास तर जागा बदलली की उत्तर बदलतं. व्याख्या चुकीची नाही गं, ती हो की नाही विचारते आणि हा प्राणी अजून मधल्या वाटेवर आहे.

बाकी डीएनएचं रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

कॉलेजरोड_मास्तर

सायलीताई, बेडूकरावांनी प्राण्याची बाजू छान मांडली. मी नावाची बाजू सांगतो, कारण तुमच्या मॅडम तिथेच पकडणार. (निवृत्त शिक्षक आहे, सवय गेली नाही.)

प्राण्यांच्या नामकरणाचा जो आंतरराष्ट्रीय कोड आहे त्यात स्पीशीजच्या खाली एकच पायरी मान्य आहे, सबस्पीशीज. म्हणून तिसरा शब्द जोडतात, एन्सॅटिना एशशोल्ट्झी क्लाउबेरी. पण ती पायरी कधी द्यायची याबद्दल कोड काही म्हणत नाही, ते शास्त्रज्ञांच्या मर्जीवर. म्हणून लोकांनी अंदाजाचे नियम केले. पक्ष्यांवाल्या डीन अमाडॉनने १९४९ मध्येच पंचाहत्तर टक्क्यांचा नियम मांडला, ढोबळमानाने असा की एका भागातले निदान ७५ टक्के प्राणी दुसऱ्या भागातल्या जवळपास सगळ्यांपासून ओळखू आले पाहिजेत. म्हणजे पंचवीस टक्के अधलेमधले असले तरी नाव टिकतं. तुम्ही विचारलंत ना सीमेवरच्या प्राण्याला कुठे टाकायचं, तर सबस्पीशीजच्या कल्पनेत तो गृहीतच धरलाय. त्याला इंटरग्रेड म्हणतात. तो सापडला म्हणजे वर्गीकरण कोसळलं असं होत नाही, उलट इंटरग्रेड सापडतो म्हणूनच ती सबस्पीशीज, स्पीशीज नाही.

याच्यावर लगेच, १९५३ मध्ये, ई. ओ. विल्सन आणि विल्यम ब्राउन यांनी सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही रंग धरला तर रेघ एका ठिकाणी पडते, आकार धरला तर दुसरीकडे, अजून काही मोजलं तर तिसरीकडे. मग कुठल्या रेघेवर नाव द्यायचं? हा मुद्दा सेमिनारमध्ये जरूर घ्या, तुमचा डीएनएचा प्रश्न म्हणजे तीच टीका नव्या कपड्यांत.

एक व्यवहाराची गोष्ट. एन्सॅटिनाच्या सबस्पीशीज मुख्यतः रंग-नक्षीवर आहेत आणि स्पिरिटमध्ये ठेवलं की पिवळा-नारिंगी रंग उडून जातो. मी ज्या कॉलेजात शिकवलं तिथल्या म्युझियममधल्या बरण्या काढून बघायचो, सगळे बेडूक एकाच चहाच्या रंगाचे, आणि निम्म्यांच्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव पुसलेलं. अशा बरणीवरून भौगोलिक व्हेरिएशन कोण काय शिकवणार. स्टेबिन्स स्वतः उत्तम चित्रकार होता, जिवंत प्राण्याचे रंग कागदावर उतरवायचा, त्याच्या कामाचं वजन त्यात आहे. आणि ठिकाणाच्या चिठ्ठीचं महत्त्व बघायचं असेल तर प्लाटेन्सिस हे नावच बघा. सिएरा नेवाडातल्या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाता नदीवरून नाव, कारण १८७५ मध्ये वर्णन झालं तेव्हा नमुना तिकडचा म्हणून नोंदलेला होता! कोडच्या नियमाने नाव तेच राहिलं.

सायली_नाशिक

सर, बेडूकराव, खूप खूप थँक्यू, प्लाटेन्सिसचा किस्सा तर मी पहिल्याच स्लाइडला घेणार. बेडूकराव, डीएनएची वाट बघतीये, माझं घोडं तिथेच अडलंय. आणि एक, हे रंग इतके वेगळे का झाले याला काही कारण सापडलंय की आपलं असंच?

थंडीतले_पाहुणे

मी पक्ष्यांवाला, त्यामुळे थोडं अवांतर. आपल्याकडे हिवाळ्यात झाडांत चिवचिवत फिरणारा ग्रीनिश वॉर्बलर येतो ना, तो पण रिंग स्पीशीजचं गाजलेलं उदाहरण आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याची वीण-वस्ती आहे, पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून वर जात सायबेरियात दोन टोकं भेटतात आणि एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत. पण २०१४ मध्ये जिनोमवरून काम झालं तेव्हा त्या रिंगमध्येही मधे मधे तुटलेले भाग दिसले. आणि हेरिंग गल या समुद्रपक्ष्याचं उदाहरण तर २००४ मध्येच बाद झालं, उत्तर ध्रुवाभोवती जी रिंग सांगायचे ती तशी नव्हतीच. त्यामुळे सायली, "परिपूर्ण रिंग" असं स्लाइडवर लिहू नकोस, कोणीतरी हात वर करेलच.

बाकी सबस्पीशीज म्हणजे नुसता शास्त्रज्ञांचा खेळ असं मला वाटत नाही. आपलं शेकरू घ्या, राज्यप्राणी. भीमाशंकरच्या शेकरूला १८३१ मध्ये साइक्सने एल्फिन्स्टोनी नाव दिलं, आज कुणी ती वेगळी सबस्पीशीज मानतं कुणी नाही, कुणी शेकरूच्या एकूण चारच धरतात. आणि सुरगाण्याच्या पलीकडे डांगच्या जंगलात एक फिकट, पांढुरकी शेकरू होती, डिलबाटा, तिथून ती गेली असं मानतात. नाव दिलेलं होतं म्हणून ती गेल्याचं आपल्याला कळलं तरी. बिननावाचं रूप गेलं असतं तर शेकरू भारतात आहेच की म्हणून विषय संपला असता. म्हणून मी सबस्पीशीज मोडीत काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

बेडूकराव

आलो. आधी रंगाचं, ते सोपं आहे.

झँथॉप्टिकाच्या त्या पिवळ्या डोळ्याचं आणि नारिंगी पोटाचं उत्तर त्याच्या शेजाऱ्यात आहे. त्याच भागात टॅरिका नावाचे न्यूट राहतात, त्यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन, तेच पफर माशातलं विष. त्यांचंही पोट नारिंगी, डोळ्यात पिवळं. झँथॉप्टिका त्याची नक्कल करतो अशी कल्पना जुनी आहे, आणि २००५ मध्ये शॉन कुख्ताने मातीच्या प्रतिकृती जंगलात ठेवून तपासली, पिवळे-नारिंगी खुणा असलेल्या प्रतिकृतींवर कमी हल्ले झाले. दुसरीकडे सिएरातल्या ठिपकेवाल्यांची नक्षी पालापाचोळ्यात शरीराची कड मोडून टाकायला, म्हणजे लपायला. तेव्हा रंगावर नैसर्गिक निवड चाललीये, आणि जिथे निवड चालते तिथे रंग झपाट्याने बदलू शकतो, बाकीचे जनुक आपल्या गतीने मागे. हे डोक्यात ठेव, पुढचं याच्यावरच आहे.

नक्कल फसली तर दुसरा उपाय पण आहे बरं, पाय ताठ करून पाठ वाकवतो, शेपटी उंच धरतो आणि तिच्यातून दुधासारखा चिकट पदार्थ सोडतो. शेपटीच्या बुडाशी दोऱ्याने आवळल्यासारखी खाच असते, तिथून ती तुटते. एन्सॅटिना ओळखायची खूण हीच, सातही रूपांत सारखी.

आता डीएनए. १९८० च्या दशकात डेव्हिड वेक आणि के यानेव यांनी प्रथिनांची रूपं, ॲलोझाइम, जेलवर चालवून तपासली, मग १९९२ मध्ये क्रेग मॉरित्झ, श्नायडर आणि वेक यांनी मायटोकॉन्ड्रियल डीएनए. ढोबळ चित्र स्टेबिन्सच्या बाजूने आलं, किनारा वेगळा, सिएरा वेगळी, दक्षिणेची टोकं एकमेकांपासून बरीच लांब. पण सात नावांच्या चौकटी तशाच्या तशा आल्या नाहीत. ऑरेगोनेन्सिस आणि प्लाटेन्सिस ही नावं ज्यांना लावतो ते सगळे एका बुंध्यातून फुटलेले नाहीत, एकाच नावाखाली बऱ्याच जुन्या वेगवेगळ्या शाखा आहेत. उत्तर सिएरातला आणि दक्षिण सिएरातला प्लाटेन्सिस बघायला भाऊ भाऊ, डीएनएत लांबचे. म्हणजे रंगाची रेघ एकीकडे आणि वंशाची भेग दुसरीकडे, मास्तरांनी विल्सन-ब्राउनचं सांगितलं तेच.

भेगा का पडल्या? कारण साखळी नेहमी सलग नव्हती. हवामान बदललं, जंगलं आकसली, वस्त्या तुटल्या, लांबच्या लांब काळ वेगळ्या राहिल्या आणि पुन्हा पसरून एकमेकांना भिडल्या. वेक आणि मंडळींचं नंतरचं सगळं काम याच्यावर आहे. स्टेबिन्सचं चित्र म्हणजे पसरत गेले आणि हळूहळू बदलत गेले. आत्ताचं चित्र म्हणजे तुटले, वेगळे झाले, परत भेटले, आणि भेटल्यावर काही ठिकाणी मिसळले, काही ठिकाणी नाही. रिंग आहे, पण जोडाजोडीची.

याचा सगळ्यात भारी पुरावा व्हॅलीच्या मधल्या अक्षांशावर आहे. झँथॉप्टिका कधीतरी थंड-ओल्या काळात व्हॅली ओलांडून सिएराच्या पायथ्याला पोचला, खाडीकडचे आणि सिएराकडचे झँथॉप्टिका डीएनएत जवळपास सारखे, म्हणजे ही उडी ताजी. तिथे त्याची गाठ प्लाटेन्सिसशी पडते. संकर होतात, पण अरुंद पट्ट्यातच राहतात, आणि २००५ च्या अभ्यासात दिसलं की संकरांच्या विरुद्ध निवड चांगलीच जोरात आहे, म्हणजे संकर फारसे टिकत नाहीत. म्हणजे बघ, रिंगच्या टोकाला न जाता मधेच दोन शेजारी भेटतात आणि धड एक होत नाहीत धड वेगळे पण राहत नाहीत. एवढी एक जागा तू नीट समजावलीस तरी सेमिनार झाला.

अहिराणी_माणूस

हे म्हणजे आपल्या बोलीभाषेसारखंच झालं की. बारा कोसांवर भाषा बदलते, नाशिकहून सटाणा, सटाण्याहून साक्री, तिकडून नवापूर, प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचं कळतं पण पहिल्या गावच्या म्हातारीला शेवटच्या गावी नेऊन बसवा, गप्प बसेल. सायलीताई हे उदाहरण घ्या, लोकांना झटकन कळेल.

बेडूकराव

दादा सुरुवातीला चालेल, पण फार ताणू नका. बोली माणूस लग्न होऊन, बाजाराला जाऊन, टीव्ही बघून शिकतो, एका पिढीत बदलतो. सॅलमँडर शेजारच्या डोंगरावर जाऊन त्यांचा रंग शिकून येत नाही, जे जायचं ते पिल्लांतूनच. शिवाय बोलीत संकर मेला असं होत नाही, इथे तर संकराचं जगणंच मुद्द्याचं आहे.

चिरफाड

सगळे इतकं गोल गोल का फिरताय कळत नाही. दोन टोकं एका डोंगरावर राहून जुळत नाहीत, मधे संकर टिकत नाहीत, डीएनएत जुन्या शाखा आहेत, मग सरळ वेगळ्या स्पीशीज म्हणा आणि मोकळे व्हा. रिचर्ड हायटनने १९९८ मध्ये हेच म्हटलं होतं, की ही रिंग नाही, अनेक स्पीशीजचा गठ्ठा आहे. तो प्लेथोडोंटिडीवर आयुष्य घालवलेला माणूस होता, उगीच नाही म्हणाला. आपल्याकडे पण २०१६ मध्ये आपला माळरानावरचा गळ्याला रंगीत पिसारा असणारा सरडा असाच फोडला, "सरडा" नावाचा नवीन जीनस केला, कुणाचं काय अडलं? सबस्पीशीज म्हणजे निर्णय घ्यायची भीती.

कॉलेजरोड_मास्तर

चिरफाड, भीती म्हणणं सोपं आहे, कात्री कुठे लावायची ते सांगा. समजा क्लाउबेरी वेगळी काढली. मग क्रोसिएटर कुठे? दोघांच्या मधे सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या बाजूला वस्तीत खंड आहे हे मान्य, तर तिथे कापू. पण क्रोसिएटर प्लाटेन्सिसला जोडलेला, आणि प्लाटेन्सिस उत्तरेला फिरून ऑरेगोनेन्सिसला, तो झँथॉप्टिकाकडे, तो एशशोल्ट्झीकडे. एक टोक सोडवलंत की उरलेल्या साखळीत दोन जुन्या शाखा तशाच राहिल्या, मग अजून एक काप, अजून एक. वेक आणि श्नायडर यांनी हायटनला त्याच वर्षी उत्तर दिलं ते साधारण असंच होतं, की भेदाचे आकडे मोठे आहेत म्हणून भिंत आहे असं नाही, शेजाऱ्यांत जनुकं अजून ये-जा करताहेत. २००९ मधल्या परेरा आणि वेकच्या कामातही दिसलं की वेगळ्या होऊन परत भेटलेल्या गटांत ही गळती चालू आहे.

सरड्याचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे गळ्याचा रंग, हाडं, डीएनए सगळ्याच रेघा बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी पडल्या म्हणून फोडता आलं. एन्सॅटिनात त्या पडत नाहीत हीच तर रड आहे.

चिरफाड

मान्य की कात्री लावायला जागा अवघड आहे. पण "अवघड आहे म्हणून एकच" हे पण उत्तर नाही सर. कॅम्प वोलाहीला उभ्या असलेल्या माणसाला दोन स्पीशीज दिसतात, पूर्णविराम.

कॉलेजरोड_मास्तर

त्याला दिसतात, बरोबर. आणि उत्तरेला, कॅलिफोर्नियातल्या शास्ताला उभ्या असलेल्याला एकच दिसते. दोघांनाही नकाशा द्या मग बोलू. तुमचं माझं याच्यावर एकमत व्हायचं नाही, पोरीचा सेमिनार होऊ द्या.

सायली_नाशिक

भांडू नका हो, मला दोन्ही बाजू लागणारेत. आता शेवटचं. मी नकाशा हाताने रंगवणार आहे चार्टवर, प्रोजेक्टरचा आमच्याकडे भरवसा नाही. सात रंग सात सबस्पीशीजना द्यायचे तर सीमा ठळक काढू की नको? आणि मॅडमनी विचारलं की "मग तुझं मत काय, एक की अनेक" तर काय सांगू?

देवराई

ठळक नको. सबस्पीशीजच्या सीमेवर दोन्ही रंग एकमेकांत घासून मिसळ, खडूने केलंस तर छान जमेल.

बेडूकराव

देवराई म्हणतोय ते बरोबर पण सगळीकडे नको घासूस, नाहीतर सगळीकडे सारखंच मिसळतात असं वाटेल. तीन प्रकार कर. जिथे रुंद इंटरग्रेड आहे तिथे रंग मिसळ. सिएराच्या पायथ्याला झँथॉप्टिकाचा छोटा ठिपका काढ, व्हॅली ओलांडून गेलेला, आणि त्याच्या नि प्लाटेन्सिसच्या मधे बारीक पट्टा, अरुंद संकरपट्टा म्हणून. दक्षिणेला एशशोल्ट्झी आणि क्लाउबेरीचे रंग एकमेकांवर आडवे-उभे मार, न मिसळता, कारण तिथे दोघे एकाच जागेत राहतात. क्रोसिएटर आणि क्लाउबेरीच्या मधे कागद कोराच सोड. मग या सगळ्यावर काळ्या पेनने डीएनएच्या शाखांची तुटक रेघ ओढ, ती ऑरेगोनेन्सिस आणि प्लाटेन्सिसच्या पोटातून जाऊ दे. लोक विचारतील ही रेघ रंगाच्या मधूनच का गेली, तिथे तुझं अर्धं भाषण आपोआप होतं.

मताचं म्हणशील तर मी एकच म्हणेन, सात नावं ठेवीन पण रंगरूपाचे पत्ते म्हणून, वंशाचे गट म्हणून नाही, आणि वंशाची गोष्ट शाखांची वेगळी नावं घेऊन सांगेन. चिरफाडचं मत घेतलंस तरी मार्क कमी होणार नाहीत, फक्त मॅडमनी "कात्री कुठे" विचारलं तर पेनने नकाशावर दाखवता आलं पाहिजे. आणि एशशोल्ट्झीचं इंग्रजी स्पेलिंग चार्टवर लिहिण्याआधी दोनदा बघ, त्यात व्यंजनांची जत्रा आहे, तिथे एक अक्षर गाळलंस तर मास्तर लोक बाकी काही बघत नाहीत.

सायली_नाशिक

झालं, उद्याच कार्डशीट आणि ऑइल पेस्टल घेऊन येते. सर, पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आणि त्याच्यावरची टीका एकाच स्लाइडवर घेऊ की वेगळ्या?

कॉलेजरोड_मास्तर

एकाच. १९४९ वर आणि १९५३ खाली. आणि १९४९ च्या शेजारी स्टेबिन्स पण लिहा, वर्ष तेच आहे.